शाकाहारी टाकीतला सकर मासा

मी एक सकर मासा बोलतोय. म्हैसूरच्या कुक्करहळ्ळी तळ्याच्या तळाशी, चिखलात पोट टेकून बोलतोय. पाठ खडबडीत, तोंड खालच्या अंगाला, रंग शेणाचा. मला पाहून आजवर कोणी ‘अगोबाई, किती गोड!’ असं म्हटलेलं नाही, तेव्हा गोड बोलण्याची जबाबदारीही माझ्यावर नाही. मनात आहे ते सांगतो. कडू लागलं तर इलाज नाही.

माझा जन्म मद्रासकडच्या एका मातीच्या तळ्यात झाला. जरा बोटभर झालो नाही तोच जाळ्यात आलो. हवा भरलेल्या पिशवीत भावंडांबरोबर कोंबला गेलो आणि बसच्या टपावरून हिंदकळत म्हैसूरला अग्रहारातल्या एका दुकानात पोचलो. तिथं रंगीत मासे पुढच्या टाक्यांत आणि आम्ही मागं, पायरीजवळ. कोणी मासे घ्यायला आलं की दुकानदार शेवटी आमच्यातला एक जाळीनं उचलायचा. “हा पण ठेवा सार, टाकी साफ ठेवतो, घाण खातो.”

घाण मी खात नाही. काचेवरचं शेवाळ खातो, भिजलेलं लाकूड खरवडतो, काकडी नाहीतर कोबीचं पान मिळालं तर दिवस सोन्याचा. त्या दुकानात त्यातल्या त्यात शाकाहारी कोणी असेल तर तो मीच. आणि मी वाढून हातभर होतो. हे दुकानदारानं कधी कोणाला सांगितलं नाही, कारण विचारलंच नाही कोणी.

ज्या घरात मी गेलो ते सरस्वतीपुरममधलं. गंगाधरराव तिथले कर्ते, शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. घरात शब्द त्यांचा चाले, पण स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नीचा, कमलाक्षीबाईंचा. मुलगा प्राणेश हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात इंजिनिअर. आणि त्याची बायको वेदवती, नवी नवरी, चामराजपुरमच्या येसाजीरावांची मुलगी. येसाजीरावांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. मराठी दोन्ही घरांत बोलत, अर्धी कन्नड मिसळूनच. पण एका घरी रविवारी मासे तळले जात आणि दुसऱ्या घरी कांदासुद्धा उंबरठा ओलांडत नसे. पोरांनी एकमेकांना पसंत केलं तेव्हा दोन्हीकडचे बराच काळ तोंड फिरवून बसले होते म्हणे.

वेदवतीनं लग्नाआधीच मासे सोडले, अंडी सोडली, लसूण सोडला. कोणी मागितलं नव्हतं तेही सोडलं. तरी सोवळ्याच्या चुलीला हात लावायची तिला मुभा नव्हती. ती दाराबाहेर बसून नारळ खवायची, भाजी चिरून द्यायची, आणि आत काय चाललंय ते बघून बघून शिकायची. हुळी, गोज्जु, हयग्रीव, आमटीपासून गोडापर्यंत सगळं तिनं असंच डोळ्यांनी शिकून घेतलं. कमलाक्षीबाईंनी तिला एकच शब्द दिला होता. “दसऱ्यापर्यंत बघू गे. सगळं सरळ चाललं तर नवरात्रीचा नैवेद्य तुझ्या हातचा.”

त्या घरात नैवेद्य करणारी बाईच घरची. बाकीच्या राहून राहून पाहुण्याच. वेदवतीला हे कोणी समजावून सांगायला लागलं नाही. त्या एका शब्दाकडे डोळे लावून ती दिवस काढत होती.

युगादीला येसाजीरावांनी जावयाला काचेची टाकी भेट दिली. त्यांना स्वतःला मासे पाळायचा जुना नाद, वेदवती लहानपणापासून त्यात वाढलेली. पण टाकीत मासे घातले नाहीत. “तुमच्या घरच्यांनी तुमच्या मनाचे निवडावेत,” म्हणाले. एवढा जाणता माणूस, पण मानपान सांभाळण्याच्या नादात इथं चुकला. आपल्या पोरीवर निवड सोपवली असती तर आज मी तुमच्याशी बोलायला आलो नसतो.

मासे घ्यायला सगळं घर दुकानात आलं. कमलाक्षीबाईंची अट होती, मासे शाकाहारी पाहिजेत. सोवळ्याच्या घरात दुसरं काही चालायचं नाही. गंगाधररावांनी एकेका टाकीसमोर उभं राहून विचारलं, “हे काय खातात हो?”

“एल्ला तिन्नुत्ते सार,” दुकानदार म्हणाला. म्हणजे सगळं खातात.

“भात खातात का?”

“भात खातात, चुरमुरे खातात, जे घालाल ते.”

“म्हणजे शाकाहारीच.”

“हौदु सार, व्हेजिटेरियनच.” गिऱ्हाईकाला जे ऐकायचंय ते त्यानं ऐकवलं.

मग निवड सुरू झाली. कमलाक्षीबाईंना लांब झालरीच्या परांची पांढरी एंजलची जोडी आवडली. प्राणेशला पट्ट्यापट्ट्यांचे बार्ब. गंगाधररावांना जाडजूड गोल्डफिश. वर मूठभर गप्पी, हिरवे-निळे, टाकी भरल्यासारखी दिसावी म्हणून. रंगाला रंग शोभतोय का, एवढंच सगळे बघत होते.

वेदवती मागं उभी होती. ती हळूच म्हणाली, “मामंजी, गोल्डफिशला गार पाणी लागतं, एंजलला ऊबदार. आणि बार्ब लांब परांचे मासे कुरतडतात. गप्पी तर एंजलच्या तोंडात मावतात की.”

गंगाधरराव हसले. माणूस वाईट नव्हता, पण आयुष्यभर वर्गासमोर उभा राहिलेला. “अगं, एका घरात राहायला लागले की स्वल्प अॅडजस्ट होतात सगळे. माणसं होतात, मासे नाही होणार?” हे बोलताना ते माशांकडे बघत नव्हते, सुनेकडे बघत होते. वेदवती पुन्हा मागं सरली. आणि दुकानदारानं मला उचलून त्यांच्या पिशवीत टाकलं.

त्या घरातल्या आमच्या जेवणाची कथा ऐका. सकाळी चुरमुरे. दुपारी नैवेद्य झाल्यावर भाताची चार शितं. श्रीरंगपट्टणला नदीच्या घाटावर मासे चुरमुऱ्यांवर तुटून पडतात, ते कमलाक्षीबाईंनी लहानपणापासून पाहिलेलं. घाटावरच्या माशांना नदीत आणखीही बरंच काही मिळतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. वेदवतीनं एकदा माशांच्या आहाराचं पाकीट आणलं. गंगाधररावांनी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली आणि पाकीट टेबलावर ठेवलं तेसुद्धा लांबूनच. आत माशांची पूड होती, कोळंबीची पूड होती. “अय्यो देवरे, हे घरात?” कमलाक्षीबाई मागं सरल्या. पाकीट त्याच पावली कंपाउंडबाहेर गेलं.

एकादशीला घर निर्जळी उपास करायचं. मग आम्हीही उपाशी. टाकीवर पांढरं फडकं पडायचं, म्हणजे कोणी चुकून काही घालू नये. आषाढात चातुर्मास लागला. या घरात चातुर्मासाचा पहिला महिना भाज्या वर्ज्य. वेदवती माझ्यासाठी आठवड्याला काकडीची चकती दोऱ्यानं बांधून सोडायची, तीही बंद झाली. “व्रत म्हणजे घरातल्या सगळ्यांना व्रत,” कमलाक्षीबाई म्हणाल्या. टाकीतला एकच जीव भाजीपाल्यावर जगणारा, आणि शाकाहाराच्या नावाखाली उपाशी मेला असता तर तोच. लाकडाचा एक तुकडा शोभेला ठेवला होता, तो खरवडून मी जगलो.

बाकीच्यांनी आपापली सोय पाहिली. आधी लहान गप्पी दिसेनासे झाले. मग काही मोठे. एंजलची जोडी दिसायला देवघरातली, पण भूक लागल्यावर तिनं एकेक गप्पी असा आत घेतला की पाण्यावर तरंगही उठला नाही. बार्ब एंजलच्या झालरी कुरतडू लागले. गोल्डफिश ऊबदार पाण्यात धापा टाकत कोपऱ्यात राहायचा, त्याची शेपटी कुरतडून दोरे निघाले होते. मी तळाशी होतो आणि सगळं बघत होतो.

घरात कुजबुज सुरू झाली. मासे मरत असते तर वर तरंगले असते. हे तर नाहीसेच होतायत. कमलाक्षीबाईंची बहीण वरलक्ष्मी वरचेवर यायची, जिभेला हाड नसलेली बाई. ती एकदा कॉफी पिता पिता म्हणाली, “सून चामराजपुरमची नव्हे का गे तुझी? मग मासे कुठं जातात म्हणून काय विचारतेस?” सगळे हसले. प्राणेशही हसला. वेदवती कॉफीचे पेले गोळा करत होती. तिनं पेले उचलले आणि आत गेली. कोणाला काही वाटलं नाही, पण मला वाटलं. आजही वाटतं.

त्यानंतर तिनं मनाशी काहीतरी ठरवलं असावं. दुपारी सगळे आडवे झाले की ती हॉलमध्ये यायची. स्कूटरच्या डिकीत ठेवलेली कागदाची पुडी तिच्या पदराआड असायची. चिमूटभर पूड पाण्यावर पसरायची, सगळे खाऊन होईपर्यंत उभी राहायची, आणि हात धुऊन परत जायची. माझ्यासाठीही गोळ्या असत, जड, तळाशी बसणाऱ्या. त्या घरात मला लक्षात ठेवून कोणी काही दिलं असेल तर तिनं.

पोटात पडल्यावर टाकी शांत झाली. एंजलच्या फाटलेल्या झालरी भरून यायला लागल्या. उरलेले गप्पी उरले. आल्यागेल्याला गंगाधरराव टाकी दाखवू लागले. “बघा, निव्वळ चुरमुरे आणि भात. सुरुवातीला थोडी कुरबुर झाली, आता कसे गुण्यागोविंदानं राहतात. मी म्हटलंच होतं.” वेदवती मागं उभी राहून ऐकायची. दसरा जवळ येत होता, तिचा नैवेद्य जवळ येत होता. श्रेय कोणी का घेईना, टाकी शांत राहिली तर आपलंही सुरळीत होईल, असा तिचा हिशेब असणार.

आणि एका दुपारी कमलाक्षीबाईंना झोप लागली नाही. त्या बाहेर आल्या तेव्हा वेदवतीचा हात पाण्यावर होता.

“काय घालतेस गे?”

वेदवतीला खोटं बोलता आलं असतं. चुरमुऱ्यांचा चुरा म्हणाली असती तर खपलं असतं. “सुक्या कोळंबीची पूड आहे, आत्याबाई,” ती म्हणाली. “उपाशी राहिले की एकमेकांना खातात. हे घालायला लागल्यापासून एकही गेला नाही, तुम्हीच बघा.”

कमलाक्षीबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “देवघराच्या भिंतीला लागून,” एवढंच म्हणाल्या. “चातुर्मासात.” मग हॉल धुतला गेला, गोमूत्र शिंपडलं गेलं, टाकीच्या काचेवरूनसुद्धा. संध्याकाळी त्यांनी शांतपणे सांगितलं, “नैवेद्याचं यंदा राहू दे. पुढं बघू.”

प्राणेश कारखान्यातून आला. सगळं ऐकून घेतलं आणि बूट काढता काढता बायकोला म्हणाला, “आईला एकदा विचारायचं तरी होतंस. सुम्ने, उगाच वाढवून ठेवलंस.”

“विचारलं असतं तर हो म्हणाल्या असत्या?”

“नसत्या. म्हणून तर नव्हतं करायचं.”

इंजिनिअर माणूस, तर्क सरळ होता. वेदवती त्याच्याकडे बघत राहिली. लग्नाआधी याच माणसानं दोन घरांशी भांडून तिला आणलं होतं. भांडण्याची सगळी ताकद बहुधा तिथंच संपली असावी.

पुडी बंद झाली आणि दसऱ्याची धामधूम सुरू झाली. म्हैसूरला दसऱ्यात घरोघर बाहुल्यांची आरास मांडतात. गोंबे म्हणतात इथं. कमलाक्षीबाईंनी यंदा दशावतार मांडले आणि आमची टाकीच मत्स्यावतार म्हणून पहिल्या पायरीशेजारी ठेवली. वर दिव्यांच्या माळा, बाजूला मातीचा मनू होडीत बसलेला. आणि आत आम्ही, पुन्हा चुरमुऱ्यांवर. यावेळी भूक जास्त लागली, कारण मधल्या दिवसांत पोटभर खाल्लेलं होतं. गप्पी संपले. गोल्डफिश गेला. बार्ब एंजलच्या मागं लागले.

अष्टमीच्या संध्याकाळी बायकांनी हॉल भरला होता. कोणी गाणं म्हणत होतं, हळदीकुंकू चाललं होतं. नेमक्या त्या वेळी एंजलांतला एक वर आला. अर्धाच. उरलेला अर्धा त्याच्या जोडीदारानं आणि बार्बांनी वाटून घेतला होता. गाणं मध्येच थांबलं.

“शिव शिव, सणाच्या दिवशी,” एक म्हणाली. वरलक्ष्मीनं वेदवतीकडे पाहून डोळे मोठे केले, आणि यावेळी बोलायची गरजही उरली नाही. कमलाक्षीबाईंचं तोंड पडलं होतं. पाहुण्यांसमोर काहीतरी बोलणं भाग होतं, तेव्हा गंगाधरराव पुढं आले. वर्गात गणित सोडवून दाखवावं अशा आवाजात म्हणाले, “सहा महिने भातावर नीट होते हे. घरात नको ते आणलं गेलं, त्यांना मांसाची चटक लागली. आता एकमेकांना खाणारच की.”

सगळ्या बायकांनी माना हलवल्या. पटण्यासारखं होतं ना! जिनं त्यांना एकमेकांना खाण्यापासून वाचवलं, तिनंच त्यांना खायला शिकवलं असं ठरलं. मी तळाशी काचेला तोंड लावून होतो. मला बोलता आलं असतं तर त्या मास्तरांना मी एकच गोष्ट विचारली असती, की पहिले गप्पी गेले तेव्हा ही चटक कुणी लावली होती. पण आम्हाला आवाज नाही, आणि वेदवतीला होता तो तिनं वापरला नाही. तिनं जाळीनं तो अर्धा मासा काढला आणि बाहेर नेला.

पाहुण्या गेल्यावर प्राणेश तिच्याजवळ आला. आमच्या टाकीशेजारीच उभे होते दोघं. “हे बघ, आईचं मन एवढंसं राहिलंय. देवासमोर एकदा म्हण, माझ्यामुळे मेले म्हणून. अष्टे, एवढंच. दसरा झाला की एकादशी आहे, द्वादशीचा नैवेद्य ती तुला करू देते म्हणालीय.”

“खरं नाही ते.”

“खऱ्याला काय करायचंय, वेदा? तुला या घरात राहायचंय का नाही?”

तिनं हात धुतले, पदर सावरला. मग देवघरात गेली. मला तिथलं दिसत नाही, ऐकू मात्र आलं. “माझ्यामुळे मेले, आत्याबाई. चुकलं माझं.” आवाजात रडू नव्हतं. कमलाक्षीबाई म्हणाल्या, “होगली बिडु, जाऊ दे झालं. ये, इकडं ये.” त्यांचा आवाज खरोखर मऊ झाला होता. मारणाऱ्याला आपण मारलं हे कळलंच नाही तर तो प्रेमळही राहू शकतो.

दसऱ्यानंतर टाकी रिकामी करायची ठरली. तोवर आत मी एकटाच जिवंत होतो. माझ्या कवचावर कोणाचे दात चालत नाहीत. मला परत दुकानात द्यावं, नाहीतर आपल्या वडिलांकडे, अप्पांकडे पोचवावं, असं वेदवतीनं सुचवून पाहिलं. पण मुक्या जिवाला तळ्यात सोडून दिलं तर पुण्य लागतं, असं कमलाक्षीबाई म्हणाल्या, आणि पुण्यापुढं कोण बोलणार?

प्राणेशनं स्कूटर तळ्याच्या बांधापाशी उभी केली. बादली वेदवतीच्या मांडीवर होती. उतरल्यावर ती म्हणाली, “याला इथं सोडू नये. हा इथला नव्हे. हा वाढेल, बांध पोखरेल, इथल्या माशांची अंडी खाईल. इथल्या कशाशीच याचं जमायचं नाही.”

“मग घरी घेऊन चल परत,” प्राणेश म्हणाला. “सांग आईला.”

तिला सगळं ठाऊक होतं. त्या घरात एकटीलाच ठाऊक होतं. तिनं पाण्याजवळ जाऊन बादली तिरकी केली.

दुसऱ्या दिवशी द्वादशीचा नैवेद्य तिच्या हातचा झाला. हवं होतं ते तिला मिळालं. टाकी गच्चीवर गेली, आता तिच्या काचांखाली सांडगे वाळतात म्हणे, कावळ्यांपासून सुरक्षित.

त्याला बरीच वर्षं झाली. आता मी हातभर आहे. माझी संततीही आहे आणि तिची मोजदाद कोणी करू नये. बांधाच्या मातीत आम्ही बिळं केली आहेत. इथल्या लहान माशांनी घातलेली अंडी आम्ही खातो, राग म्हणून नव्हे, पुढ्यात येतात म्हणून. झोळीच्या चोचीचा एक पेलिकन मागं आमच्यातल्या एकाला गिळायला गेला. काटे त्याच्या घशात अडकले आणि दोघंही मेले. काठावर फिरायला येणारे लोक हळहळले. कुणी कुणासाठी पुण्य केलं होतं, ते त्यांना कुठून कळणार?

तुम्ही कधी काळी टाकी आणाल. दुकानात रंग बघाल, झालरी बघाल, आणि सगळं एकत्र घालून मोकळे व्हाल. त्याआधी प्रत्येकाला काय लागतं ते विचारा. कुणाला गार पाणी, कुणाला ऊबदार, कुणाला काय खायला लागतं, कोण किती मोठा होतो. आणि घरातलं एखादं माणूस मागं उभं राहून हळूच काही सांगत असेल तर एकदा वळून त्याचं ऐका. ज्याला जमवून घ्यायला सांगता, त्याला काय सोडावं लागतंय तेही बघा. एवढंच मागणं आहे. माझ्यासाठी आता काही करता येण्यासारखं राहिलेलं नाही.

जाता जाता एक सांगतो, मग पुन्हा चिखलात जातो. मला सोडून थोडेच दिवस झाले होते. मी अजून काठाजवळच होतो, खोल पाण्याची सवय झाली नव्हती. सकाळची वेळ. बांधावर ओळखीचा आवाज आला. वेदवती होती, आणि बरोबर येसाजीराव, वडील. दोघं सावलीत थांबले.

“टाकी कशी आहे गे, पोरी?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“छान आहे, अप्पा.”

“एंजलची जोडी?”

“आहे की.”

“भांडत नाहीत ना बाकीच्यांशी?”

“नाही. सगळे एकत्र राहतात.”

येसाजीराव म्हणाले, “मग एकदा येतो बघायला. युगादीनंतर आलोच नाही तुझ्या घरी.”

“नको अप्पा,” वेदवती पटकन म्हणाली. “आत्ता व्रत चाललंय घरात, आत्याबाईंना पाहुणे जमत नाहीत. संपलं की मीच बोलावते.”

आयुष्यभर मासे पाळलेला माणूस. एंजल आणि बार्ब एका टाकीत किती दिवस राहतात हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. त्यानं पोरीकडे पाहिलं नाही, पाण्याकडे पाहिलं.

“बरं,” तो म्हणाला. आणि दोघं पुढं चालू लागले.